जुन्या बोर्डवर प्रोसेसर, रॅम किंवा एसएसडी बसवताय? चिपसेटच्या बाबतीत या चुका टाळा

जुन्या डेस्कटॉपमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये नवा भाग बसवला आणि डिस्प्लेच आला नाही, की पहिला संशय त्या भागावर जातो. रॅम खराब निघाली, प्रोसेसर मेलेला आला, एसएसडी बोगस आहे, असं धरून भाग परत केला जातो आणि दुसराही तसाच निघतो. यातले बरेचसे भाग ठणठणीत असतात. ते ओळखायची सोय बोर्डवरच्या चिपसेटमध्ये (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिप) किंवा बायोसमध्येच (मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) नसते. म्हणून भाग निवडण्याआधी चिपसेट कोणता आहे आणि त्याच्याकडे नेमकी कोणती कामं आहेत, हे पाहणं सगळ्यात महत्त्वाचं.

ही कामं दर काही वर्षांनी जागा बदलत गेली आहेत, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. जुन्या इंटेल बोर्डवर दोन मोठ्या चिप असायच्या. प्रोसेसरजवळची नॉर्थब्रिज रॅम आणि ग्राफिक्स सांभाळायची. खालची साउथब्रिज डिस्क, यूएसबी आणि साउंड बघायची. १९९९ मध्ये ८१० चिपसेटबरोबर इंटेलने या जोडीची नावं बदलली आणि दोघींमधला रस्ता रुंद केला, पण कामाची वाटणी तशीच राहिली. एएमडीने २००३ मध्ये ॲथलॉन ६४ आणला तेव्हा रॅम कंट्रोलर प्रोसेसरच्या आत घेतला. इंटेलने तेच पाऊल २००८ च्या शेवटी पहिल्या कोअर आय७ आणि एक्स५८ बरोबर टाकलं. २००९ च्या पी५५ पासून ग्राफिक्स कार्डच्या मुख्य लेनही (डेटाच्या वाटा) प्रोसेसरमध्ये गेल्या, नॉर्थब्रिज संपली आणि पीसीएच नावाची एकच चिप उरली. २०१३ च्या हॅसवेल पिढीतल्या पातळ लॅपटॉपमध्ये तर ही चिपही प्रोसेसरच्याच पॅकेजवर जाऊन बसली.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. नॉर्थब्रिजवाल्या जी४१ बोर्डवर रॅम चालत नसेल तर उत्तर चिपसेटमध्ये शोधायचं, पीसीएचवाल्या एच६१ बोर्डवर चालत नसेल तर आधी प्रोसेसरकडे बघायचं. लक्षण एकच, पण दोषी वेगळा.

चिपसेट ओळखायला बोर्ड उघडायचीही गरज नाही. सीपीयू-झेड या प्रोग्रॅमच्या मेनबोर्ड टॅबमध्ये चिपसेट, साउथब्रिज आणि दोन्हींचं रिव्हिजन (सुधारित आवृत्तीचा क्रमांक) दिसतं. मशीन चालूच होत नसेल तर बोर्डवर छापलेलं मॉडेल बघा आणि त्याच्याजवळचा रिव्हिजन नंबरही टिपून घ्या. एकाच मॉडेलच्या १.० आणि २.० रिव्हिजनची प्रोसेसर यादी वेगळी असू शकते. दुसऱ्या रिव्हिजनची बायोस फाइल घातली तर चालता बोर्ड बंद पडतो.

सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालेल, असं धरणं

या चुकीसाठी एलजीए७७५ इतकं चांगलं उदाहरण नाही. २००४ मध्ये ९१५ आणि ९२५ चिपसेटबरोबर हे सॉकेट आलं आणि पेंटियम ४ पासून कोअर २ क्वाडपर्यंत सगळे त्याच सॉकेटमध्ये बसत गेले. बसतात सगळे, चालतात मोजकेच. ९१५ वर ड्युअल कोअर पेंटियम डी अधिकृतपणे चालत नाही, त्यासाठी ९४५ लागला. २००६ चे कोअर २ डुओ ९६५ वर नीट चालतात. ९४५ च्या मात्र फक्त नंतरच्या काही बोर्डनी ते स्वीकारले, कारण या प्रोसेसरना व्होल्टेज देण्याची पद्धत वेगळी होती आणि जुन्या बोर्डच्या पॉवर सर्किटला ती माहीत नव्हती. ४५ नॅनोमीटरचे प्रोसेसर आणि १३३३ मेगाहर्ट्झची बस (प्रोसेसर आणि चिपसेटमधला रस्ता) हवी असेल तर २००७ च्या पी३५, जी३३ पासून पुढचा चिपसेट बघावा.

कधी कधी प्रोसेसर चालू होतो, पण चुकीच्या वेगाने, आणि तेच लवकर लक्षात येत नाही. कोअर २ डुओ ई८४०० चा गुणक (मल्टिप्लायर) ९ आहे आणि मूळ बस ३३३ मेगाहर्ट्झ (हीच चौपट धरून १३३३ म्हणतात), म्हणजे ३ गिगाहर्ट्झ. बोर्डची बस २६६ वरच अडली तर तोच प्रोसेसर ९ गुणिले २६६, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर धावतो. मशीन सुरू होतं, विंडोज चालते, आणि ‘अपग्रेड करून काही फरकच पडला नाही’ अशी तक्रार येते. सीपीयू-झेडच्या पहिल्या टॅबमध्ये मल्टिप्लायर आणि बस स्पीड एकाखाली एक दिसतात, तिथे हा हिशोब करून बघा. निवांत असताना मल्टिप्लायर ६ वर उतरतो, तो दोष नाही. म्हणून थोडं काम चालू ठेवून मग आकडा वाचा.

क्वाड कोअर निवडताना वॅटही बघा. क्यू६६०० दोन स्टेपिंगमध्ये (चिपच्या आवृत्त्या) मिळतो: जुना बी३ १०५ वॅटचा, नंतरचा जी० ९५ वॅटचा. स्वस्तातल्या छोट्या बोर्डवर प्रोसेसरच्या पॉवरला तीनच फेज (वीज वाटून देणारी सर्किटं) असतात, त्यांच्या मॉस्फेटवर (वीज सांभाळणारे ट्रान्झिस्टर) हीटसिंक नसतं आणि कनेक्टरही चार पिनांचा असतो. असा बोर्ड विंडोज उघडेपर्यंत छान चालतो आणि दहा मिनिटं पूर्ण लोड दिला की बंद पडतो. एसएमपीएस बदलून उपयोग होत नाही. जी० निवडा, नाहीतर ६५ वॅटच्या ड्युअल कोअरवर समाधान माना.

याच सॉकेटमध्ये सर्व्हरचे एलजीए७७१ झिऑन, संपर्क जुळवणारं स्टिकर लावून बसवतात. ई५४५० सारखा ८० वॅटचा प्रोसेसर पी३५, पी४५ वर उत्तम चालतो, पण बायोसमध्ये त्याचा मायक्रोकोड (त्या प्रोसेसरसाठीचा आतला कोड) हवा. तो नसेल तर बोर्ड सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन प्रोसेसर अनोळखी दाखवतो आणि काही सुविधा बंद राहतात. स्टिकर लावण्याआधी, जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच, मायक्रोकोड घातलेला बायोस फ्लॅश करून घ्यावा.

लॅपटॉपमध्ये हीच अडचण जास्त अवघड, कारण बायोसचे पर्याय कमी असतात. ९४५ चिपसेटच्या लॅपटॉपमध्ये सॉकेट एम असतं, ९६५ पासून सॉकेट पी. दोन्हींना ४७८ पिना, पण एका पिनेची जागा वेगळी. म्हणून टी७२०० आणि टी७३०० नावाने सख्खे भाऊ वाटले तरी एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि जोर लावला तर पिना वाकतात. सॉकेट पी असूनही पुढची पायरी बसची आहे. जीएम९६५ आणि पीएम९६५ ची कमाल बस ८०० मेगाहर्ट्झ. टी९३०० हा ८०० बसचा प्रोसेसर तिथे चालतो, पण टी९६०० ला १०६६ हवी, म्हणजे जीएम४५ किंवा पीएम४५. जुन्या ९६५ लॅपटॉपसाठी टी९३०० किंवा टी९५०० हीच शेवटची पायरी समजा.

नंतरच्या पिढ्यांमध्ये सॉकेटचं नाव तेच ठेवून आतली जोडणी बदलल्याचं ठळक उदाहरण एलजीए११५१ चं. १०० आणि २०० सिरीजच्या बोर्डवर सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर चालतात. आठवी पिढी त्याच आकाराची असली तरी तिला ३०० सिरीज लागते. एलजीए११५० मध्ये पाचव्या पिढीचे ब्रॉडवेल डेस्कटॉप प्रोसेसर फक्त ९ सिरीजवर चालतात, एच८१ किंवा बी८५ वर नाही. एएमडीचा हात इथे सैल आहे: एएम३ सॉकेटच्या प्रोसेसरमध्ये डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींचे कंट्रोलर असल्यामुळे तो एएम२+ बोर्डवरही बसतो. उलट मात्र होत नाही, एएम२+ चा प्रोसेसर एएम३ बोर्डवर बसत नाही.

प्रोसेसर आधी, बायोस नंतर

एलजीए११५५ वर हे हमखास घडतं. ६ सिरीजच्या बोर्डवर तिसऱ्या पिढीचा आयव्ही ब्रिज चालतो, पण बायोस आणि त्यातलं मॅनेजमेंट इंजिनचं फर्मवेअर दोन्ही आधी अपडेट व्हावे लागतात. हे अपडेट दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर बोर्डवर असतानाच होतं. शिवाय बी६५, क्यू६५ आणि क्यू६७ या ऑफिसच्या मशीनमधल्या चिपसेटना आयव्ही ब्रिजचा आधार इंटेलने दिलाच नाही. क्यू६७ च्या नावाजलेल्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये आय५-३४७० टाकायचा बेत असेल तर तिथेच थांबा. त्याऐवजी आय५-२४०० किंवा आय७-२६०० घ्या.

क्रम असा ठेवा. जुना प्रोसेसर, एकच रॅम स्टिक आणि बायोसचे डीफॉल्ट सेटिंग. बोर्डच्या प्रोसेसर यादीत तुमच्या नव्या प्रोसेसरपुढे कोणत्या बायोसपासून आधार आहे ते वाचा. काही बोर्डना मधली एखादी आवृत्ती घालूनच पुढे जावं लागतं, ते त्या बायोसच्या नोंदीत लिहिलेलं असतं. फाइल एफएटी३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर टाका आणि बायोसमधल्याच फ्लॅश टूलने चढवा. चालू विंडोजमधून फ्लॅश करणं टाळा, कारण मध्येच अँटिव्हायरस किंवा एखादा हँग झालेला प्रोग्रॅम घात करतो. फ्लॅश झाल्यावर मशीन स्वतःहून दोन-तीनदा बंद-चालू होऊ शकतं, तेव्हा वायर काढू नका. मग डीफॉल्ट लोड करा, जुन्याच प्रोसेसरवर एकदा विंडोजपर्यंत जाऊन या, आणि त्यानंतरच प्रोसेसर बदला.

प्रोसेसर आधीच बदलला असेल आणि डिस्प्ले येत नसेल तर घाबरू नका. जुना परत बसवा, सीएमओएस क्लिअर करा, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग पुसा. ती सेटिंग जपणाऱ्या बोर्डवरच्या सेलकडेही एकदा बघा: सीआर२०३२ चं व्होल्टेज मल्टिमीटरवर ३ च्या खाली बरंच उतरलं असेल तर बदलून टाका. मेलेल्या सेलमुळे प्रत्येक वेळी बायोस मूळ सेटिंगवर जातो आणि डिस्कचा मोड बदलून विंडोज उघडेनाशी होते. त्याचं खापर मग नव्या प्रोसेसरवर फुटतं.

रॅम फक्त जीबी बघून घेणं

जी४१ च्या डीडीआर३ बोर्डवर ४ जीबीची नवी स्टिक लावली, डिस्प्ले नाही. तीच स्टिक एच६१ वर चालते. कारण स्टिकवरच्या चिपमध्ये आहे. जी४१ ला २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप कळतात. ४ जीबी भरायला अशा १६ चिप लागतात, म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ. नंतरच्या स्टिकवर ४ गिगाबिटच्या आठच चिप एका बाजूला असतात, आणि त्यांचे पत्ते काढायचं गणित या चिपसेटला येत नाही. स्टिकच्या स्टिकरवर ‘२आरएक्स८’ लिहिलेलं असेल तर दोन्ही बाजूंना चिप, ‘१आरएक्स८’ असेल तर एकाच बाजूला. जी४१ साठी पहिली घ्या. बोर्डची कमाल ८ जीबी आहे, तीही दोन स्लॉटमध्ये ४-४ अशीच.

बाजारात ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून स्वस्त डीडीआर३ स्टिक मिळतात. त्यांच्यावर प्रत्येकी ४ बिट रुंदीच्या चिप असतात. एएमडीचा कंट्रोलर त्यांना चालवून घेतो, इंटेलच्या साध्या डेस्कटॉपवर त्या चालत नाहीत. बायोस अपडेट करून, व्होल्टेज वाढवून, स्लॉट घासून काहीही होणार नाही.

९४५ च्या लॅपटॉपमध्ये २-२ जीबीच्या दोन स्टिक लावल्या तरी विंडोजमध्ये सव्वातीन जीबीच्या आसपासच दिसतात. बरेच जण ६४ बिट विंडोज टाकून बघतात, आकडा तोच राहतो. या चिपसेटचे पत्ते ४ जीबीला संपतात. त्यातला वरचा भाग ग्राफिक्स, पीसीआय आणि बायोससाठी राखलेला असतो, आणि त्याखाली झाकली गेलेली रॅम ४ जीबीच्या वर सरकवायची सोय चिपसेटमध्ये नाही. पुढच्या चिपसेटवर बायोसमध्ये ‘मेमरी रीमॅप’ हा पर्याय असतो. तो बंद असेल तर तिथेही हेच दिसतं, आणि एवढं एक सेटिंग चालू केल्याने उरलेली रॅम परत येते. जीएम४५ वर ८ जीबीपर्यंत निर्धास्त जाता येतं.

एच६१ पासून पुढे रॅम कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो, त्यामुळे एक स्लॉट किंवा एक चॅनल दिसत नसेल तर आधी प्रोसेसर काढून सॉकेटमधल्या पिना टॉर्चच्या तिरप्या उजेडात बघा. एक जरी पिन वाकलेली असली तरी एक पूर्ण चॅनल गायब होऊ शकतं. हीटसिंक एका कोपऱ्यात जास्त घट्ट आवळलं तरी असंच होतं. चारही स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे फिरवत घट्ट करावेत.

हॅसवेल पिढीच्या यू मालिकेच्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल रॅम लागते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली १.५ व्होल्टची स्टिक तिथे चालत नाही. खाच सारखी असल्यामुळे ती बसते मात्र व्यवस्थित.

मागे व्हीजीए पोर्ट आहे म्हणजे डिस्प्ले मिळेल, ही समजूत

९४५जी, जी३१, जी४१ या बोर्डवर ग्राफिक्स नॉर्थब्रिजमध्ये होतं, म्हणून कोणताही प्रोसेसर टाकला तरी पोर्टवर चित्र येतं. एलजीए११५६ पासून ग्राफिक्स प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये गेलं आणि बोर्डवर फक्त पोर्ट उरला. त्यामुळे एच५५ बोर्डवर आय३-५३० ला डिस्प्ले आहे, पण त्याहून ताकदवान आय५-७५० ला नाही, कारण त्यात ग्राफिक्सच नाही. उलट पी५५ आणि पी६७ चिपसेटमध्ये प्रोसेसरचं चित्र बाहेर न्यायची वाटच ठेवलेली नाही. झिऑन ई३ च्या बाबतीत शेवटचा आकडा वाचा: ई३-१२३० मध्ये ग्राफिक्स नाही, ई३-१२४५ मध्ये आहे. हे दोन्ही न तपासता मॉनिटर, केबल आणि रॅम बदलत बसण्यात अख्खा दिवस जातो. कुठलंही जुनं पीसीआय एक्सप्रेस ग्राफिक्स कार्ड लावून बघितलं तर पाच मिनिटांत खुलासा होतो.

डिस्क आणि एसएसडी

इंटेलच्या ६ सिरीजमध्ये एक खरा कारखानी दोष होता आणि तशी मशीन अजून फिरत आहेत. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने तो जाहीर केला. चिपसेटमधल्या ३ गिगाबिट साटा पोर्टच्या क्लॉक सर्किटमधला एक ट्रान्झिस्टर जास्त व्होल्टेजवर चालत होता, आणि कालांतराने त्यातून गळती वाढून पोर्ट २ ते ५ कमजोर होत जायचे. ६ गिगाबिटच्या पोर्ट ० आणि १ ला धक्का नव्हता. दुरुस्त चिपचं स्टेपिंग बी३, सदोष चिपचं बी२. सीपीयू-झेडमध्ये साउथब्रिजच्या पुढे रिव्हिजन दिसतं. लक्षण असं: डिस्क हळूहळू मंद होते, मधूनच गायब होते, आणि स्मार्ट माहितीत (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) १९९ क्रमांकाचा सीआरसी एररचा आकडा वाढत राहतो. हा आकडा डिस्कच्या तबकडीबद्दल काही सांगत नाही. तो केबल आणि पोर्ट यांच्यामधल्या वाटेवरच्या चुका मोजतो. आधी केबल बदला. तरी आकडा वाढत असेल तर डिस्क पोर्ट ० किंवा १ वर न्या आणि दोन दिवसांनी पुन्हा वाचा. वाढ थांबली तर डिस्क चांगली आहे. तो आकडा मागे मात्र येत नाही, म्हणून आधीचा लिहून ठेवा.

त्याहून जुन्या व्हीआयएच्या व्हीटी८२३७ आणि व्हीटी८२३७आर साउथब्रिजचा वेगळाच प्रश्न आहे. त्यांना १.५ गिगाबिटचीच साटा कळते आणि समोरच्या डिस्कशी वेग ठरवताना त्या अडखळतात, त्यामुळे नवी डिस्क दिसतच नाही. जुन्या हार्ड डिस्कवर वेग उतरवायचा जंपर असायचा, तो लावला की काम होतं. एसएसडीवर असा जंपर नसतो. तिथे वेगळं साटा कार्ड लावणं हाच मार्ग.

आयडीई आणि एएचसीआय या डिस्क चालवण्याच्या जुन्या-नव्या मोडची गल्लत सगळ्यांना परिचयाची. विंडोज आयडीई मोडमध्ये टाकलेली असताना बायोसमध्ये एएचसीआय केलं की निळा पडदा येतो, शेवटी ७बी असलेला कोड दाखवतो, आणि लोक विंडोज पुन्हा टाकायला घेतात. विंडोज १० वर त्याची गरज नाही. एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅबमध्ये सेफ बूट निवडा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन एएचसीआय करा, सेफ मोडमध्ये विंडोज एकदा पूर्ण उघडू द्या, मग सेफ बूटची खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करा. डेस्कटॉपच्या साध्या आयसीएच७ मध्ये मुळात एएचसीआय नाही, त्यामुळे जी४१ च्या बहुतेक बोर्डवर हा पर्याय शोधूनही सापडणार नाही. तरी तिथे एसएसडी जरूर लावा. ३ गिगाबिटच्या पोर्टवर वाचनाचा वेग सेकंदाला २५०-२८० एमबीच्या आसपास अडतो, पण मशीनचा रोजचा आळस विखुरलेल्या छोट्या फाइल शोधण्यात असतो, आणि तो लगेच जातो. एक्सपीच्या काळातली हार्ड डिस्क क्लोन करत असाल तर पार्टिशन ६३ व्या सेक्टरला सुरू झालेलं असतं. एसएसडीवर ते २०४८ व्या सेक्टरला सरकवून घ्या, नाहीतर लिहिण्याचा वेग विनाकारण घसरतो.

मोठ्या डिस्कला दोन वेगळ्या भिंती आहेत. २८ बिटच्या पत्त्यांची भिंत १३७ जीबीला लागते. त्यापलीकडे लिहिलेला डेटा काही जुन्या ड्रायव्हरमुळे डिस्कच्या सुरुवातीला जाऊन पडतो आणि फाइल सिस्टिमच मोडते, म्हणून अशा मशीनवर डिस्क दिसली म्हणून लगेच भरू नका. दुसरी भिंत एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीची, सुमारे २.२ टीबीला. साध्या बायोसच्या बोर्डवर ३ टीबीची डिस्क जीपीटी (नवी पार्टिशन पद्धत) करून डेटासाठी वापरता येते, पण तिच्यावरून विंडोज बूट करायला यूईएफआय (नव्या धर्तीचा बायोस) लागतं. एनव्हीएमई एसएसडी ॲडॉप्टर कार्डवर लावून एच६१ मध्ये डेटासाठी चालते. तिच्यावरून थेट बूट होण्याची अपेक्षा मात्र ९ सिरीजच्या आधीच्या बोर्डकडून ठेवू नका.

एजीपीच्या काळातल्या बोर्डवर काम करताना

इथे चूक झाली तर बोर्ड परत येत नाही. एजीपी म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या आधीचा ग्राफिक्स कार्डचा स्लॉट. जुनी एजीपी कार्डं ३.३ व्होल्टची, ४एक्सपासूनची १.५ व्होल्टची. ८४५ आणि ८६५ चे स्लॉट फक्त १.५ व्होल्टसाठी आहेत. स्लॉटमधली आडवी पट्टी चुकीचं कार्ड अडवते, पण काही जुन्या कार्डांवर दोन्ही खाचा असूनही आतला व्यवहार ३.३ व्होल्टचाच असतो. ती बसतात आणि चिपसेट जाळतात. कार्डच्या चिपचं मॉडेल शोधून खात्री झाल्याशिवाय बसवू नका.

पेंटियमच्या काळातलं मशीन उभं करणाऱ्यांनी ४३०टीएक्स आणि ४३०व्हीएक्स चिपसेटवर ६४ एमबीच्या पुढे रॅम टाकू नये. कॅश फक्त पहिल्या ६४ एमबीला मिळते आणि विंडोज ९८ वरच्या टोकाकडून रॅम वापरायला सुरुवात करतं, म्हणजे रॅम वाढवून मशीन मंदावतं.

लॅपटॉपमध्ये पॅड काढून पेस्ट लावणं

साफसफाईत प्रोसेसरला नवी थर्मल पेस्ट लावली जाते आणि त्याच हीटसिंकखाली चिपसेटवर असलेला वाळका पॅड काढून तिथेही पेस्ट लावली जाते. पॅड तिथे उगाच नसतो. चिपसेट प्रोसेसरपेक्षा बुटका असतो, आणि हीटसिंकची पट्टी त्याच्यापासून अर्धा ते दीड मिलिमीटर वर राहते. पेस्ट ती फट भरत नाही, चिप उघडीच तापत राहते. लक्षणं फसवी असतात: प्रोसेसरचं तापमान उत्तम, पण तासाभराने यूएसबी तुटतं, वायफाय जातं, किंवा मशीन गोठतं. जुना पॅड काढताना त्याची न दबलेली कड मोजा आणि तेवढ्याच जाडीचा नवा लावा. जास्त जाड लावला तर हीटसिंक उचललं जाऊन प्रोसेसरचाच संपर्क सुटतो. बसवल्यावर एकदा उघडून पॅडवर चिपचा ठसा उमटलाय का ते बघा. ठसा नसेल तर टेकलेलंच नाही.

डेस्कटॉपवर नॉर्थब्रिजचं हीटसिंक हलवून बघा. ९६५, पी३५ च्या बोर्डवर प्लॅस्टिकच्या पिना ठिसूळ होऊन ते एका बाजूने सुटतं. सकाळी दोन-तीन प्रयत्नांनी चालू होणारा बोर्ड मात्र बहुतेकदा चिपसेटचा रोगी नसतो. प्रोसेसरभोवतीच्या कॅपेसिटरच्या टोप्या फुगल्यात का ते आधी बघा. बदलताना लो ईएसआर, १०५ अंशांचे, तितक्याच मायक्रोफॅरडचे आणि व्होल्टेज तेवढं किंवा जास्त असलेले घ्या, आणि पट्टीची बाजू जुन्यासारखीच ठेवा.

‘१९६८ चा ड्रायव्हर’ बघून घाबरणं

डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटेल चिपसेटच्या नोंदींपुढे १८ जुलै १९६८ अशी तारीख दिसते. ही इंटेलच्या स्थापनेची तारीख आहे, आणि ती मुद्दाम घातलेली आहे: इतकी जुनी तारीख असली की विंडोज या सामान्य फाइलला सगळ्यात खालचा क्रम देते आणि त्या भागाचा खास ड्रायव्हर असेल तर तोच वापरते. या फाइलमध्ये चालवायचा कोडही नसतो, फक्त भागांची नावं असतात. ‘जुना ड्रायव्हर’ म्हणून ओरडणारी अपडेटर टूल टाकू नका. ती चांगला चाललेला स्टोरेज ड्रायव्हर बदलतात आणि नवाच प्रश्न उभा राहतो. मशीन चालत असेल आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण नसेल तर तिथे करण्यासारखं काही नाही.

हीट गनने चिप ‘जिवंत’ करणं

२००७-०८ च्या सुमारच्या एनव्हिडिया ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर हा उपाय अजून केला जातो. त्या चिपमध्ये सिलिकॉन आणि तिच्या खालची हिरवी पट्टी यांना जोडणारे सूक्ष्म सोल्डरचे ठिपके तडकत होते; सदोष चिपबद्दल एनव्हिडियाने २००८ मध्ये जाहीरपणे मान्य केलं. गरम हवा दिली की ते ठिपके काही दिवस टेकतात, डिस्प्ले येतो, आणि पुन्हा जातो. चिप काढून खालचे गोळे नव्याने घातले तरी तडा चिपच्या आत असल्यामुळे तो तसाच राहतो. दुरुस्ती एकच, चिप नवी घालणं, आणि तीही नंतरच्या सुधारित तारखेची. गरम हवेने डिस्प्ले आलाच असेल तर त्या दिवसांत आधी सगळा डेटा बाहेर काढून घ्या.